कढीपत्त्यावरची अळी आणि हातातला मोबाईल : वाचक विचारतात

गेल्या महिन्यात या पानावर लिहिलं होतं की घरच्या बागेत, सोसायटीच्या मोकळ्या जागेत, गच्चीवरच्या कुंड्यांत जे काही जिवंत दिसेल त्याचे फोटो काढा आणि आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, तिथं जगभरातले जाणकार ओळख पटवून देतात आणि ती नोंद संशोधनाला कामी येते. त्यावर सांगली, मिरज, कुपवाडहून इतके प्रश्न आलेत की सगळे छापता येणार नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

ताई, मी रिटायर्ड माणूस, गावभागात जुनं घर आहे आणि मागं छोटं परसू. तुम्ही फोटो काढा म्हणता, पण संशोधक लोक कासला जातात, चांदोलीला जातात, माझ्या परसातल्या सरड्याचा फोटो कुणाला हवाय?
*– एक वाचक, गावभाग, सांगली*

काका, हवाय, आणि अगदी मनापासून सांगते, कासच्या फुलांपेक्षा तुमच्या परसातला जास्त हवाय. कासला सप्टेंबर लागला की गर्दी उसळते, पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यातली ती एक, तिथल्या प्रत्येक फुलाचे फोटो सगळीकडून येतात. पण गावभागातल्या एका बोळातल्या घरामागं कोण संशोधक येणार आहे? तिथं रोज सकाळी दात घासताना नजर टाकणारे फक्त तुम्हीच, त्यामुळं तिथलं जे काही कळणार ते तुमच्याकडूनच कळणार, नाहीतर कधीच नाही.

आता आपल्याच गावचं घ्या. २००५ ला पूर आला, २०१९ च्या ऑगस्टात तर गावभाग सगळा पाण्यात, २०२१ ला परत. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळ काढला, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा अजून कुठं कुठं दिसतात. पण परसात आधी बेडूक कुठले होते, गोगलगायी कुठल्या, जमिनीत बिळं करणाऱ्या माश्या होत्या का, पूर गेल्यावर त्यातलं काय परत आलं आणि किती महिन्यांनी आलं, हे सांगता येईल अशी पुराआधीची नोंद माझ्या ओळखीत तरी कुणाकडं नाही. लोक म्हणतात "आधी लई फुलपाखरं असायची", म्हणत असतील ते खरंही असेल, पण त्याला तारीख नाही, फोटो नाही. पुढचा पूर कधी येईल कुणी सांगावं, पण त्याच्या आधीची नोंद मात्र आत्ताच करावी लागते, नंतर करता येत नाही.

तुम्ही फोटो टाकता तो जातो कुठं हेही सांगते. आयनॅचरलिस्ट हे २००८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी कोर्सचा प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं आणि ते वाढत गेलं. तिथं ओळख पक्की झालेली नोंद पुढं जीबीआयएफ म्हणून जगभरातल्या जीवांच्या नोंदींचं एक सामाईक भांडार आहे तिथं जाते, ते कुणालाही फुकट बघता येतं आणि संशोधक तिथूनच माहिती उचलतात. फक्त एक करा, सेटिंगमधे नोंदीचं लायसन्स बघून घ्या, "सर्व हक्क राखीव" असं निवडलंत तर नोंद त्या भांडारापर्यंत पोचत नाही. आपलं नाव देऊन, धंद्यासाठी नाही पण बाकी वापरू द्या, असं एक लायसन्स आहे तिथं, बहुतेक लोक तेच ठेवतात आणि ते पुरतं.

सरड्याचा फोटो काढा काका. आणि एकदा काढून थांबू नका, दर रविवारी सकाळी तेवढ्याच परसात चक्कर मारा, नवीन काही नाही दिसलं तरी तोच सरडा परत टाका. "या तारखेला, या जागी, हा होता" हे दरवेळी नव्यानं सांगणं म्हणजेच नोंद, आणि ती महिन्यामागून महिने एकाच जागेवरून आली की तिची किंमत वाढते.

माझा फोन साधा आहे, कॅमेरा चांगला नाही. किड्याच्या जवळ गेलं की सगळं ब्लर होतं आणि लांबून काढला तर नुसता ठिपका दिसतो. मैत्रिणींचे मॅक्रो फोटो बघितले की वाटतं आपल्याला हे जमणार नाही.
*– कॉलेजची विद्यार्थिनी, मिरज*

अगं, जमेल, आणि साध्याच फोनवर जमेल. ब्लर का होतं माहितीये का, बहुतेक फोनच्या मेन कॅमेऱ्याला अगदी चिकटून असलेल्या वस्तूवर फोकस करताच येत नाही, चार बोटं तरी अंतर लागतंच. म्हणून थोडी मागं सरक, दोनपट झूम कर, स्क्रीनवर किड्यावर बोट दाबून धर म्हणजे फोकस तिथंच लॉक होतो, आणि बटण एकदा न दाबता दाबून धरून पाच-दहा फोटो एकदम काढ, त्यातला एखादा क्लिअर निघतोच. नंतर क्रॉप कर, क्रॉप केलेलं चालतं. वारा असेल तर दुसऱ्या हातानं देठ हलकेच धर. उन्हात तुझी सावली किड्यावर पडू देऊ नकोस, सावली पडली की तो उडतो. फ्लॅशपेक्षा सकाळचं कोवळं ऊन कधीही बरं, आणि सकाळी किडे थंडीनं सुस्त असतात, पंख वाळवत बसलेले असतात, दुपारी बाराला त्याच फुलपाखरामागं पळालीस तरी हाताला लागणार नाही. काहीशे रुपयांत क्लिप लावायची मॅक्रो लेन्स मिळते ती पुढं कधीतरी घे, आधी या गोष्टी कर.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुझ्या मैत्रिणींचे फोटो सुंदर असतील, सुंदर फोटो आणि उपयोगाचा फोटो हे मात्र दरवेळी एकच नसतं. मागचं सगळं धूसर, फुलपाखराचा फक्त एक डोळा चकाचक, असा फोटो बघायला छान, पण त्यावरून ओळख पटवणारा माणूस काय सांगणार? ओळख पटते ती खुणांवर आणि त्या खुणा फोटोत यायला हव्यात, मग फोटो थोडा कमी सुंदर असला तरी चालेल.

एक उदाहरण देते, आपल्याकडं बागेत हमखास दिसणारं. कॉमन रोझ नावाचं काळं-लाल फुलपाखरू असतं, ते विषारी म्हणून पक्षी त्याला खात नाहीत. आणि कॉमन मॉरमॉन म्हणून दुसरं एक आहे, त्याच्या माद्यांचा एक प्रकार हुबेहूब रोझसारखा रंग घेऊन फिरतो, पक्ष्यांनी फसावं म्हणून. वरून पंख बघून तुझी-माझी फसगत ठरलेली. पण बाजूनं अंग बघ, रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनच्या मादीचं काळं. म्हणजे एक साधा बाजूनं काढलेला फोटो, कदाचित जरा हललेला सुद्धा, जे सांगतो ते वरून काढलेला झकास फोटो सांगत नाही.

म्हणून एकाच जिवाचे तीन-चार फोटो काढ आणि ते एकाच नोंदीत टाक. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे दोन्ही, चतुर किंवा टाचणी (चतुरासारखाच पण बारीक किडा) असेल तर वरून एक, बाजूनं एक आणि शेपटीचं टोक दिसेल असा एक, कोळी असेल तर पाठ आणि समोरून डोळे, कारण उडी मारणारे कोळी डोळ्यांच्या मांडणीवरून पटकन ओळखू येतात. झाड असेल तर नुसतं फूल नको गं, पानाची खालची बाजू, पान देठाला कसं लागलंय ते, फळ किंवा शेंग असली तर ती, आणि अख्खं झाड. छत्रीचं अळंबी असेल तर फोन खाली धरून छत्रीच्या आतली बाजू. किती मोठं आहे ते कळावं म्हणून एका फोटोत शेजारी बोट किंवा नाणं ठेव. आणि बेडूक, रातकिडे, पक्षी यांचा नुसता आवाज रेकॉर्ड केलास तरी नोंद होते, फोटो पाहिजेच असं नाही.

अजून एक, हे हल्ली फार महत्त्वाचं झालंय. फोनमधे एआयनं फोटो "सुधारून" देणारं जे असतं ना ते बंद ठेव. ते धूसर जागी स्वतःच्या मनानं रेषा भरतं, पंखावर नसलेला ठिपका सुद्धा काढून देईल, आणि मग ती नोंद खोटी झाली. उजेड थोडा कमी-जास्त केलास, क्रॉप केलास, एवढंच ठीक.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर हिरव्या अळ्या झाल्यात, पानं फस्त करतायत. फोटो काढू का औषध मारू? घरचे म्हणतात आधी मार.
*– एक गृहिणी, विश्रामबाग*

आधी फोटो काढा आणि मग औषध ठेवून द्या, काकू. ती बहुतेक लाईम बटरफ्लायची, म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची अळी असणार, तिला लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल अशीच झाडं लागतात. लहान असताना ती काळी-पांढरी, पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. काडीनं अगदी हळू डिवचलंत तर डोक्यामागून लाल-केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि वास सोडते, ती शिंगं फोटोत आली तर उत्तमच, पण त्यासाठी सारखं छळू नका तिला. मॉरमॉनची अळी सुद्धा याच झाडांवर जवळजवळ अशीच असते, त्यामुळं बाजूचे पट्टे दिसतील असा फोटो घ्या. कढीपत्त्याला परत पालवी फुटते, झाड अगदी लहान असेल आणि सगळं बोडकं होत असेल तर दोन-तीन अळ्या दुसऱ्या लिंबावर नेऊन ठेवा.

आणि जरा थांबून त्याच झाडावर बघत राहा, तिथं पूर्ण संसार चाललेला असतो. कुंभारीण माशी येऊन अळी उचलून नेते, तिनं खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं छोटं मडकं केलेलं असतं, त्यात आधी अंडं घालते, मग अळीला लुळी करून आत कोंबते आणि तोंड बंद करते, तिचं पिल्लू त्या अळीवर जगतं. शिंपी पक्षी, बुलबुल पिल्लांना अळ्याच भरवतात. तुम्ही औषध मारलंत की हे सगळं एका दुपारी संपतं.

हा प्रश्न आणखी पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या झाडांबद्दल विचारलाय म्हणून सांगते. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर तो रोग नाही, पानं कापणारी एक एकटी राहणारी मधमाशी असते, ती त्या तुकड्यांनी घरटं आतून मढवते. मिलीबगच्या, म्हणजे पिठ्या ढेकणाच्या गर्दीत पांढरं, कापसासारखं झुपकेदार काहीतरी भराभर चालताना दिसलं तर ते मिलीबग नसून मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असू शकते, तिला मारू नका, फोटो काढा. वांग्या-टोमॅटोच्या फुलावर निळ्या पट्ट्यांची माशी गुणगुणत असेल तर ती फूल थरथरवून परागकण झाडते, ते काम आग्या किंवा सातेरी मधमाशीला जमत नाही. तगरीवर डोक्याजवळ मोठे निळे डोळे असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली की लोक घाबरतात, ते डोळे खोटे असतात, पुढं तिचा हिरवागार सुंदर पतंग होतो.

खरंच नुकसान करणारं काही असलं तरी फोटो हवाच. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आठवते ना, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं ती पहिल्यांदा नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली, आपल्या भागातल्या मकेवाल्यांना किती त्रास झाला ते तुम्हाला माहितीच आहे. तिच्या डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडच्या एका भागावर चार काळे ठिपके चौकोनात. परसातल्या चार मक्याच्या ताटांवर कुणी हे बघितलं, फोटो काढला, तारीख-जागेसकट टाकला, तर कीड कुठवर पोचली हे कळतं.

अ‍ॅपनं सांगितलेलं नाव मी तसंच टाकलं, पण कुणीतरी येऊन ते खोडून नुसतं "माश्या" असं केलं. माझी नोंद "रिसर्च ग्रेड" होतच नाही. मी चुकतोय का?
*– एक इंजिनिअर, सांगली*

तुम्ही एकटे नाही, आणि खोडणाऱ्यानं तुमचा अपमान केलेला नाही. अ‍ॅप जे नाव सुचवतं ते आधी जमलेल्या फोटोंवरून शिकलेलं असतं, ज्या जिवाचे फोटो भरपूर त्याचं नाव पटकन पुढं करतं, आपल्याकडच्या कितीतरी बारीक माश्या, मुंग्या, गांधीलमाश्यांचे फोटोच मुळात कमी, मग ते कधी कधी अमेरिकेतला किडा सांगलीत आणून बसवतं. "जवळपास अपेक्षित" अशी खूण असेल तरच जरा विश्वास ठेवा, नाहीतर वरच्या गटाचं नाव टाकून सोडा. "मधमाश्यांपैकी काहीतरी" एवढं लिहिणं हे अज्ञान नाही, ते प्रामाणिक उत्तर आहे.

रिसर्च ग्रेडला, म्हणजे संशोधनाला चालेल अशा पक्क्या नोंदीला, काय लागतं तर फोटो किंवा आवाज, तारीख, जागा, जीव जंगली म्हणजे कुणी न लावलेला-न पाळलेला, आणि ओळख देणाऱ्या किमान दोघांचं, दोघांहून जास्त असतील तर त्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिकांचं, जातीवर एकमत. इथंच एक वाईट सवय लोकांना लागते, कुणी नाव सांगितलं की लगेच "सहमत" दाबायचं, दोन मतं झाली, हिरवी पट्टी आली, झालं! तुम्हाला ती खूण स्वतःला दिसली असेल तरच सहमत व्हा, नाहीतर आभार माना आणि तिसऱ्या माणसाची वाट बघा. चुकीचं नाव हिरव्या पट्टीसकट भांडारात गेलं की ते शोधून काढणं फार अवघड, त्यापेक्षा अर्धवट पण खरी नोंद शंभरदा बरी. काही माश्यांची जात तर सूक्ष्मदर्शकाशिवाय कळतच नाही, तिथं कुणाचाच इलाज नाही.

मी जास्वंद, मोगरा, अनंत, सगळ्याचे फोटो टाकले, ते "कॅज्युअल" दाखवतंय.
*– एक वाचक, कुपवाड*

कारण ती झाडं तुम्ही लावलीत. लावलेल्या झाडाला "लागवड केलेलं" अशी खूण करायची असते आणि ते कॅज्युअलमधेच, म्हणजे रिसर्च ग्रेडबाहेरच्या गटातच जातं, बरोबर आहे ते. पण जास्वंदीवर आलेला शिंजीर, मोगऱ्याच्या पानामागचा कोळी हे कुणी लावलेले नाहीत, त्यांची वेगळी नोंद करा. आणि कुंडीत, पायरीच्या फटीत आपोआप उगवलेलं जे उपटून टाकता ना, केना, माका, भुईआवळी, आघाडा, आंबुटी, एकदांडी, ते सगळं नोंदीला चालतं, खरंतर त्याच्याकडंच कुणी बघत नाही.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत मोजक्या कुंड्या. आम्ही काय करणार?
*– एक दांपत्य, मिरज*

पानफुटी लावा. खरंच, एक पानफुटीची कुंडी ठेवा आणि वाट बघा. रेड पिअरो नावाचं नखाएवढं फुलपाखरू, काळं-पांढरं आणि मागच्या पंखावर केशरी, ते पानफुटीवर अंडी घालतं, आणि त्याची अळी पानावर नाही तर जाडसर पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून पान फुगल्यासारखं, आत काहीतरी सरकताना दिसतं. पान उजेडाकडं धरून फोटो काढा, तोडू नका. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असा सगळा क्रम तुम्हाला चहा पिताना बघायला मिळेल आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी तारखेसकट नोंद करता येईल. अळी कुठल्या झाडावर सापडली हे नोंदीत जरूर लिहा, फुलपाखराचे फोटो पुष्कळ येतात, अळी आणि तिचं झाड एकत्र असलेले फार कमी. जागा असेल तर कृष्णकमळाचा वेल सोडा, त्यावर टॉनी कोस्टर नावाचं फुलपाखरू येतं, आणि खाली सोसायटीत आंब्याचं झाड असेल तर पानाच्या मधल्या शिरेवर नीट बघा, बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी तिथं अशी बसते की बघून सुद्धा दिसत नाही.

ताई, मी माध्यमिक शाळेत शिकवतो. मुलांना घेऊन आमराईत आणि कृष्णाकाठी असा उपक्रम करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? आणि मुलांची नावं, फोटो कुठं जातील याची पालकांना काळजी आहे.
*– एक शिक्षक, सांगली*

सर, पालकांची काळजी रास्त आहे. आयनॅचरलिस्टवर स्वतःचं खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, त्याखाली पालकांची परवानगी लागते, लहान मुलांसाठी त्यांचंच सीक नावाचं अ‍ॅप आहे, त्याला खातं लागतच नाही, फोन धरला की नाव सांगायचा प्रयत्न करतं. मुलांनी सीक वापरावं, वहीत लिहावं, आणि नोंदी तुम्ही शाळेच्या एका खात्यावरून टाकाव्यात. मात्र त्या नोंदी खऱ्या तारखेच्या, खऱ्या जागेच्या असू देत, शाळेत परत येऊन सगळ्या फोटोंना शाळेचाच पत्ता लागला असं होतं ते बघा. कॅमेऱ्याचं लोकेशन आधी चालू करून ठेवा. आणि मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो घेऊ नका, त्यातली तारीख-जागा उडून जाते आणि फोटोही बारीक होतो, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आमराई छान जागा आहे, मोठी जुनी झाडं आहेत, खोडांवर, ढोलींत, पडलेल्या पाल्याखाली मुलांना पुष्कळ सापडेल. मुलांना पहिला नियम हा सांगा की घरट्याचा फोटो नाही. तुम्ही फांदी बाजूला करता, आईबाप उडतात, कावळा बघतच असतो. किडा बाटलीत कोंडून, फ्रीजमधे ठेवून सुस्त करून काढलेले फोटो लोक टाकतात, ते करू देऊ नका. दगड उचलला तर परत तसाच ठेवायचा, हळू, खाली जीव आहेत. बिळात हात घालायचा नाही, साप दिसला तर लांबूनच. आणि नदीकाठी पाण्याच्या कडेला मुलांना अजिबात जाऊ देऊ नका सर, कृष्णेत मगरी आहेत, औदुंबर-भिलवडीपासून इकडं सगळ्यांना ठाऊक आहे, फोटोच्या नादात मूल चार पावलं खाली उतरतं. काठावरचे पक्षी घाटाच्या वरूनच टिपा.

वेळ कोणती म्हणाल तर एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, २०१६ ला लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चढाओढीतून सुरू झालेलं, आता भारतातली शहरंही भाग घेतात. पण त्या दिवसांत सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीये, मुलांचे हाल होतील. त्यापेक्षा सप्टेंबर घ्या, देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून २०२० पासून तो पाळतात, आपल्याकडं तेव्हा हिरवं असतं आणि पावसाबरोबर आलेल्या पिवळसर चतुरांचे थवे मैदानावर असतात. हे चतुर पाऊस संपला की हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडं जातात असं अभ्यासकांनी मांडलंय, मुलांना हे सांगून बघा, परत कधी चतुराला दोरा बांधणार नाहीत. फेब्रुवारीत पक्ष्यांची गणना असते, पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसले ते सगळे पक्षी ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या अ‍ॅपवर भरायचे. तिथं कावळा, साळुंकी, चिमणी सुद्धा मोजायची, नेहमीचेच पक्षी म्हणून सोडून द्यायचे नाहीत.

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमधलं गवत दरवर्षी पावसाळ्यात मुळापासून साफ करतात. तिथं टाकळ्यावर शेकडो पिवळी फुलपाखरं असतात. आमच्या फोटोंचा काही उपयोग होईल का?
*– एक महिला मंडळ, सांगली*

होईल, पण नुसते फोटो दाखवून नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि त्या समितीनं लोकांच्या मदतीनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ही नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळांसारख्या अभ्यासकांनी लावून धरली, आणि तिचा गाभाच हा की माहिती गावातल्या माणसाकडून यावी. म्हणजे तुमच्या मंडळाकडं जे आहे ते त्या वहीत यायलाच हवं, तो उपकार नाही कुणाचा.

असं करा, आयनॅचरलिस्टवर तुमच्या ओपन स्पेसच्या नावानं एक प्रोजेक्ट काढा म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एका जागी जमतात. जून ते ऑक्टोबर नोंदी घ्या, त्यात टाकळ्यावरची अंडी आणि अळ्या नक्की घ्या, कारण "फुलपाखरं दिसतात" याच्यापेक्षा "इथं वाढतात" हे म्हणणं जड पडतं. ती तुमची पिवळी फुलपाखरं म्हणजे बहुतेक ग्रास यलो, त्यांची अळी टाकळ्यावर वाढते, टाकळा जूनमधे उपटला की तिथली त्यांची पिढीच गेली. मग यादी प्रिंट काढून अर्जासोबत समितीच्या नावे द्या, पोच घ्या. मागणी मात्र छोटी ठेवा. सगळं गवत राखा म्हणालात तर साप-डासांची भीती पुढं येते आणि ती भीतीही खोटी नाही, मुलं खेळतात तिथं. कुंपणाकडची एक पट्टी दिवाळीपर्यंत कापू नका, चालायच्या वाटा आणि खेळायची जागा साफ ठेवा, गाजर गवत मात्र खुशाल उपटा, एवढंच मागा. हे मान्य होण्यासारखं आहे आणि फुलपाखरांना तेवढ्यानं फार फरक पडतो.

बंगल्याच्या आवारात चंदनाचं झाड आहे, पक्ष्यांनी बी टाकून आपोआप आलेलं. त्याचा फोटो टाकलाय, लोकेशनसकट. मुलगा म्हणतो काढून टाक. खरं काय करावं?
*– एक वाचक, सांगली*

मुलाचं ऐका, निदान अर्धं. नोंद काढू नका, जागा लपवा. आपल्याकडं चंदनाची झाडं रात्रीत कापून नेल्याच्या बातम्या किती येतात बघताच तुम्ही, आणि जीपीएस सकट टाकलेला फोटो म्हणजे थेट पत्ता. नोंदीत "जिओप्रायव्हसी" म्हणून सेटिंग आहे, तिथं "अस्पष्ट" निवडलं की बाकीच्यांना वीसेक किलोमीटरच्या चौकोनातला कुठलातरी एक ठिपका दिसतो, खरी जागा तुमच्याकडं राहते. काही धोक्यातल्या जातींना अ‍ॅप आपोआप असं करतं पण त्यावर विसंबू नका. मांडूळ दिसला, कासव दिसलं तरी हेच करा, मांडूळाच्या मागं तर अंधश्रद्धेपायी तस्करी चालते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं गुन्हा आहे. घरच्या बागेतल्या नोंदींनाही मी हेच सेटिंग सुचवेन, विशेषतः ज्या बायका एकट्या राहतात त्यांना, रोज एकाच वेळी एकाच जागेवरून फोटो म्हटल्यावर कुणालाही तुमचं वेळापत्रक कळतं.

आणि फोटो एकदा नीट बघा, मागं फाटकावरची नावाची पाटी, गाडीचा नंबर आलाय का. आला असेल तर तेवढा भाग क्रॉप करून फोटो परत टाका. खाली नोंदीत "आमच्या अमुक कॉलनीत" असं लिहिलं असेल तर तेही खोडा, ठिपका लपवून पत्ता लिहिलेला राहिला तर काय उपयोग. जुन्या नोंदी एकदम निवडून त्यांचं सेटिंग बदलता येतं, संगणकावरून केलंत तर सोपं जाईल, मुलाला शेजारी बसवा आणि आज रात्रीच उरकून टाका.